सासू-सुनेचा एकच नंबर

सुई ओवता येईना, इथनं हे सगळं सुरू झालं.

म्हणजे आत कधीपासून चालू असेल ते असेल, माझ्या ध्यानात आलं ते तेव्हा. मी घरीच ब्लाऊज शिवते, फॉल-पिको, ड्रेसचं अल्टरेशन, बारा वर्षं झाली, मशिनची सुई ओवणं म्हणजे चहात साखर टाकण्यातला प्रकार, बघावं पण लागत नाही. आणि मार्चमधल्या एका दुपारी मी दोरा थुंकी लावून टोकदार करतीये, भोकापाशी नेतीये आणि तो आपला बाजूनं निघून जातोय. तीनदा, चारदा, पाचदा. शेवटी लेकीला हाक मारली, सहावीत आहे ती, तिनं एका झटक्यात ओवून दिला आणि वर म्हणते कशी, "मम्मी, तू आजीसारखं करायला लागलीस." लहानपणी आम्ही भावंडं माझ्या आजीला गोधडीच्या सुया ओवून द्यायचो, एकदम पाच-सहा ओवून उशीला टोचून ठेवायच्या म्हणजे तिला दुपारभर पुरायच्या. तेव्हा आजी सत्तरीची असेल. मी ३८.

३८ म्हणजे चाळिशी जवळ आलीच की, असं मी स्वतःला समजावलं. आपल्यात जवळच्या चष्म्याला सरळ चाळिशीच म्हणतात, दोन वर्षं आधी लागली एवढंच काय ते. मंडईबाहेर गाड्यावर दीडशे रुपयाला मिळतो तसला एक आणला. तर तो लावून अक्षर मोठं झालं पण स्वच्छ काही होईना. दुधाची रिकामी पिशवी डोळ्यापुढं धरून बघावं तसं.

आणि गंमत म्हणजे उजेड जास्त झाला की जास्त त्रास. मला वाटलं घरात अंधार आहे म्हणून मशिन उचलून खिडकीपाशी घेतलं, नवऱ्याला सांगून वर मोठी एलईडी लावून घेतली, तर आणखी दिसेना. दुपारी काळ्या कापडावर काळा दोरा मारायचा असला की मी चक्क अंदाजाने टाके घालायचे, आणि संध्याकाळी सात वाजता त्याच कापडावर बरं दिसायचं. रात्री स्कूटीवरून येताना समोरच्या गाडीचा लाईट असा फुटायचा की मी कडेला घेऊन थांबायचे. एक नेहमीच्या काकू ब्लाऊज परत घेऊन आल्या, म्हणाल्या, "अगं हुक एकीकडे आणि घरं एकीकडे, लक्ष कुठं असतं तुझं?" बारा वर्षांत हुक चुकले नव्हते माझे. त्या रात्री मी जेवले नाही नीट.

मग डोळ्याच्या डॉक्टरांकडे गेले. ते मशिन माहितीये ना, हनुवटी टेकवा, कपाळ पुढं, माझ्या कानाकडं बघा. डॉक्टर बराच वेळ बघत राहिले, मग थेंब घालून अर्धा तास बसवलं (बाहुली मोठी करायचे थेंब, मरणाचे झोंबतात, आणि नंतर चार-पाच तास सगळं भुरकट) आणि परत बघून म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, डाव्यात जास्त.

मी हसले. खरंच हसू आलं. मला वाटलं चुकून सासूबाईंची फाईल उघडली यांनी, कारण आईंचे दोन्ही डोळे मागच्या वर्षीच इथंच झाले होते, ६८व्या वर्षी, आणि आडनाव एकच. म्हणलं, डॉक्टर ते आमच्या आईंचं असेल. ते म्हणाले, नाही ताई, तुमचंच आहे.

घरी आल्यावर जे फोन सुरू झाले ते विचारू नका. मावशी म्हणाली दुसऱ्या डॉक्टरला दाखव, हे लोक पैशासाठी काहीही सांगतात. जाऊ म्हणाली मोबाईल बघून बघून झालं असणार (मोबाईलनं मोतीबिंदू होत नाही, मी डॉक्टरांना मुद्दाम विचारलं, डोळे कोरडे पडतात, दुखतात, ते वेगळं). शेजारच्या आजी म्हणाल्या घाई करू नको, आधी पिकू दे. आणि प्रत्येकाचं पहिलं वाक्य एकच, "या वयात?" जसं काय मीच लाईन मोडून पुढं घुसले. एक-दोघींनी तर शुगर आहे का विचारलं, ते मात्र बरोबर विचारलं, कारण शुगर असली की मोतीबिंदू लवकर येतो. डोळ्याला मार लागला असेल, खूप मोठा मायनस नंबर असेल, दम्यासाठी वगैरे स्टिरॉइडच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील, तरी येतो. काही बाळांना तर जन्मतःच असतो. म्हणजे म्हातारपणाचा आजार ही आपली समजूत, डोळ्यातल्या भिंगाला आधार कार्ड माहीत नसतं.

तर डॉक्टरांनी हे सगळं एकेक विचारलं. शुगर? केली, नॉर्मल. मार? नाही. दमा, सांधे, कातडीचं काही औषध? नाही. तोंडाला लावायचं कुठलं क्रीम? नाही. मी ठामपणे सांगितलं, मला कुठलंच औषध चालू नाही. मग ते म्हणाले, डोळ्यात काही घालता का?

मी म्हणलं, ते होय, ते तर साधे थेंब.

आता इथं मला जरा सविस्तर सांगायचंय कारण हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी फ्रीजच्या दारात ती बाटली आत्ता असणार. मला कापडाच्या खळीची आणि धुळीची ॲलर्जी आहे. नवीन कॉटनचा तागा उघडला की डोळ्यांना अशी खाज सुटते की चोळून चोळून टोमॅटो होतात. सहा वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी थेंब लिहून दिले होते, दहा दिवसांसाठी. काय फरक पडला सांगू, दुसऱ्या दिवशी डोळे पांढरेशुभ्र, खाज गायब. दहा दिवस संपले, महिन्यानं परत खाज आली, मी रिकामी बाटली घेऊन मेडिकलमध्ये गेले, त्यांनी दिली. पुढं पुढं बाटली पण न्यावी लागेना, नुसतं "ते डोळ्याचं" म्हणलं की दादा काऊंटरवर ठेवायचे. एक बाटली फ्रीजमध्ये लिंबाशेजारी, एक मशिनच्या ड्रॉवरमध्ये बॉबिनांच्या डब्यात. लगीनसराईत दिवसाला तीन-तीन वेळा घातलेत मी. सहा वर्षं!

नवऱ्याला फोन करून बाटलीचा फोटो मागवला. डॉक्टरांनी फोटो मोठा करून वाचला, डेक्सामेथासोन. स्टिरॉइड. काही बोलले नाहीत आधी, नुसते मागे टेकून बसले. मग म्हणाले, हे औषध वाईट नाही, मी पण लिहून देतो, ऑपरेशन झाल्यावर तुम्हाला असलंच द्यावं लागेल. पण हे मोजून द्यायचं आणि मोजून बंद करायचं औषध आहे, चिठ्ठीशिवाय मिळायलाच नको.

मग त्यांनी डोळ्याचं प्रेशर बघितलं. साधारण २१ पर्यंत ठीक असतं, माझं २६ निघालं. तेव्हा मात्र त्यांचा आवाज बदलला. मोतीबिंदूचं ते आरामात बोलत होते, काचबिंदूचं नाव काढताना हळू बोलले. मोतीबिंदू काढता येतो, भिंग बदललं की दिसतं. काचबिंदूमध्ये आतली नस सुकते आणि गेलेली नजर परत येत नाही, आणि दुखत नाही खुपत नाही, कळतच नाही. स्टिरॉइडचे थेंब काही लोकांत हे दोन्ही करतात. माझी नस शाबूत होती, थेंब बंद केल्यावर सहा आठवड्यांत प्रेशर १७ वर आलं. मी देवाला नारळ फोडला, आणि त्या दोन्ही बाटल्या कचऱ्यात टाकायच्या आधी बूच उघडून बेसिनमध्ये ओतल्या, कुणी उचलून घालायला नको. खाजेसाठी आता दुसरे थेंब आहेत, बिनस्टिरॉइडचे, ते इतके झटपट नाहीत, पण तागा उघडताना मास्क आणि साधा गॉगल लावते, भागतं.

मग त्या उजेडाचं कोडं. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं पण मला माझ्या भाषेत असं समजलं. स्टिरॉइडनं येतो तो मोतीबिंदू बहुतेकदा भिंगाच्या मागच्या बाजूला, बरोबर मधोमध धरतो. समजा खिडकीच्या काचेवर मध्यभागी मोठी टिकली चिकटवलीये. पडदे पूर्ण उघडे असले की टिकलीच्या कडेकडेनं बाहेरचं दिसतं. दोन्हीकडून पडदे ओढून मध्ये फट ठेवली की समोर नुसती टिकलीच. डोळ्याची बाहुली म्हणजे ते पडदे. उन्हात बाहुली बारीक होते, आणि जवळचं बघतानाही बारीक होते. म्हणजे दुपारच्या उजेडात सुई ओवणं हे माझ्यासाठी दोन्ही बाजूंनी पडदे ओढण्यासारखं होतं. मी बिचारी मशिन खिडकीपाशी नेतीये!

पिकू देण्याचं पण कळलं. पूर्वी अख्खं भिंग मोठा छेद देऊन काढायचे आणि आत दुसरं काही बसवायचे नाहीत, म्हणून आमच्या पणजीचा चष्मा सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा होता. तेव्हा पूर्ण अंधारी येईपर्यंत थांबायचे. त्याच्याही फार आधी सुश्रुतसंहितेत तर टोकदार सळईनं ते पांढरं झालेलं भिंग डोळ्यातल्या डोळ्यातच बाजूला ढकलायची रीत दिलीये, सुईकामच की ते. आता दोन-अडीच मिलिमीटरच्या छेदातून आतलं भिंग फोडून ओढून घेतात, घडी घातलेलं नवीन भिंग सोडतात, ते आत जाऊन उलगडतं. पिकून कडक झालं तर उलट काढायला अवघड.

ऑपरेशनच्या आधी दोन रात्री झोप नव्हती म्हणून वाचत बसले (मोबाईलवरच, जावेनं माफ करावं), त्यात हे आत बसवायचं भिंग कसं सुचलं ते सापडलं. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे, म्हणजे खरं तर प्लॅस्टिकचे, तुकडे घुसायचे. हॅरल्ड रिडली नावाच्या डोळ्याच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की या तुकड्यांनी डोळा चिडत नाही, गप आत राहतात. त्यावरून त्यांनी त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं भिंग करून १९४९ साली लंडनला एका बाईच्या डोळ्यात बसवलं. बाकीच्या डॉक्टरांनी त्यांना वर्षानुवर्षं वेड्यात काढलं. आणि आपल्याकडं मदुराईला १९९२ पासून ही भिंगं स्वस्तात बनवायला लागले म्हणून माझ्यासारखीला परवडतंय. परवडतंय म्हणजे खिशातनंच गेले पैसे, कारण मेडिक्लेम काढून चौदा महिने झालेले आणि मोतीबिंदूला दोन वर्षं थांबायची अट. पॉलिसी काढताना ती लिस्ट एजंटनं वाचून दाखवली तेव्हा आम्ही दोघं हसलो होतो, म्हणलं मोतीबिंदू काय आत्ता होणारे का. सरकारी दवाखान्यात फुकट होतं, पण आईंचं या ट्रस्टच्या हॉस्पिटलात चांगलं झालं होतं, म्हणून तिथंच.

भिंग निवडायच्या टेबलावर खरी कसोटी. तिथल्या मॅडम रोज सत्तरीच्या लोकांशी बोलतात, त्यांचं ठरलेलं वाक्य, "आजी, लांबचं छान दिसेल, पोथीला चष्मा लागेल, चालेल ना?" मला पण तेच म्हणाल्या, फक्त आजीच्या जागी मॅडम. पण मी पोथी नाही वाचत, मी दिवसाचे आठ तास सुईकडं बघते! पर्समध्ये टेप असतोच माझ्या, मी टेप काढला, खुर्चीत मशिनवर बसल्यासारखी बसले आणि डोळ्यापासून सुईच्या जागेपर्यंत मापून दाखवलं, सोळा इंच. डॉक्टर म्हणाले, हे माप घेऊन आलेला पहिला पेशंट.

तेव्हा त्यांनी ते सांगितलं जे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. आपलं मूळचं भिंग जवळचं बघताना फुगतं, लांबचं बघताना सपाट होतं. सत्तरीत ते कडक झालेलंच असतं, म्हणून आजींचं ऑपरेशननं काही जात नाही, उलट मिळतंच. ३८व्या वर्षी ते अजून फुगत असतं. नवीन भिंग फुगत नाही. म्हणजे ज्या दिवशी ऑपरेशन त्या दिवशी माझी चाळिशी पूर्ण लागणार, हळूहळू नाही, एकदम. मल्टिफोकल घेतलं तर दोन्ही अंतरं थोडी थोडी दिसतील पण रात्री लाईटभोवती गोल दिसू शकतात आणि काळ्यावर काळं तेवढं खुलत नाही. मी साधं घेतलं, लांबचं. स्कूटी बिनचष्म्याची, मशिन चष्म्याचं. अजून वाटतं कधीकधी, जवळचं सेट करून घ्यायला हवं होतं का. असो, बसलंय आता.

पहिला डोळा जूनमध्ये, लगीनसराई संपल्यावर. सोबत आई आल्या होत्या. सिस्टर बाहेर आल्या, नाव पुकारलं, आणि आम्ही दोघी उठलो तर सरळ आईंचा दंड धरला आणि "आजी, कुठला डोळा?" म्हणत कपाळावर स्टिकर लावायला लागल्या. आई म्हणतायत, अहो माझं झालंय, ही पेशंट, ही! आत बाकावर पाटणकडनं गाडीनं आलेल्या सात-आठ आज्या-आजोबा, सगळ्यांच्या डोक्याला हिरव्या टोप्या, त्यात मी. एका आजीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, म्हणाल्या, "बाय, तू नर्स का?"

आत पंधरा-वीस मिनिटं. दुखत नाही, नुसता दाब कळतो आणि पाणी वाहतं, आणि डोळ्यापुढं गुलाबी-निळं-जांभळं असं काही पसरतं की रंगपंचमी. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि पहिली नजर गेली ती सिस्टरच्या ॲप्रनवर. इतका पांढरा पांढरा मी विसरले होते. घरी येऊन पहिलं काम काय केलं तर रिळांचा डबा उघडला. एक डोळा झाकायचा, मग दुसरा. उजव्यानं जे रीळ क्रीम, ते डाव्यानं पांढरं. उजव्यानं मोरपंखी जरा मातकट, डाव्यानं अंगावर येणारं निळं. दोन डोळ्यांत दोन दुकानं. तासभर तेच करत बसले होते, लेक म्हणाली मम्मी वेडी झाली.

पण मग आठवडाभर आईंचं राज्य. त्यांचं वर्षापूर्वीच झालेलं, त्यामुळे नियम सगळे तोंडपाठ. डोक्यावरनं पाणी नाही, वाकायचं नाही, चुलीजवळ नाही (आमच्याकडं चूल नाहीये), आणि त्यांचा तो मोठा काळा गॉगल, बाजूनं पण झाकणारा, तो त्यांनी कपाटातनं साडीत गुंडाळलेला काढून मला दिला. थेंबांचं वेळापत्रक कॅलेंडरवर लिहिलं, आणि स्टिरॉइडच्या बाटलीवर स्वतः पेनानं तारीख घातली, कधी कमी करायचे आणि कधी बंद. संपल्या दिवशी माझ्या हातातनं बाटली काढून घेतली.

दुसरा डोळा पितृपक्षात. त्यावरून घरात जरा झालं, आई म्हणाल्या पंधरवड्यात कसलं ऑपरेशन. मी म्हणलं आई, पितृपक्षात कुणी नवीन कपडे शिवायला टाकत नाही, घट बसले की मला मान वर करायला वेळ नाही, माझ्या धंद्याचा तोच मोकळा पंधरवडा आहे. हॉस्पिटलात पण गर्दी नव्हती, लगेच तारीख मिळाली. डॉक्टरांनी सांगून ठेवलंय की तरुण वयात नवीन भिंगामागच्या पातळ पापुद्र्यावर पुन्हा जाळी धरायचा चान्स जास्त असतो, तेव्हा लेझरनं पाच मिनिटांत साफ करता येते, आणि काजवे किंवा काळा पडदा आल्यासारखं दिसलं तर मात्र त्याच दिवशी यायचं. आणि प्रेशर दर सहा महिन्यांनी.

चष्मा आला परवा. जवळचा, अडीच नंबर. आईंचा पण अडीच. फुगणारं भिंग दोघींच्याही डोळ्यांत नाही, त्यामुळे वयात तीस वर्षांचं अंतर असून नंबर तोच. पहिल्याच दिवशी घोटाळा झाला, त्या पोथी घेऊन बसल्या तर चष्मा सापडेना, मी तो लावून अर्धा ब्लाऊज शिवला होता आणि मला कळलंही नव्हतं. आता माझ्या चष्म्याच्या दांडीला मी लाल दोरा गुंडाळलाय. तरी काल आई लाल दोऱ्याचाच लावून बसल्या होत्या, म्हणतात याच्यातनं जास्त स्वच्छ दिसतं.